नव्या खजिनदारासाठी: आजीव वर्गणी म्हणजे उत्पन्न नव्हे

खजिनदारपद घेतलंत ना, मग आधी मागच्या 5 वर्षांचे ताळेबंद मागून घ्या आणि एकच गोष्ट शोधा: आजीव सभासदांची वर्गणी गेली कुठे?

छोटी मंडळं बहुतेक इथेच खचतात. समजा, सभासदाकडून एकदाच 5,000 रुपये घेतले. 6 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 300 मिळतात. हॉलचं भाडं, टपाल, स्नेहमेळाव्याचं जेवण मिळून त्याच्यावर 500 खर्च होत असतील, तर दरसाल 200 ची तूट. सभासद पुढची 30 वर्षं हक्काने येणार, आणि भाडं काही तिथेच थांबत नाही. त्यात मुद्दलच एखाद्या रौप्यमहोत्सवात खर्ची पडलं असेल, तर नव्या सभासदांच्या पैशावर जुन्यांचा खर्च चालतो. नवे येईनासे झाले की सगळं उघडं पडतं.

म्हणून ही रक्कम कायम निधीत, स्वतंत्र मुदत ठेवीत ठेवा. खर्चाला फक्त व्याज. वर्गणीची रक्कम दर 3 वर्षांनी तपासा. सभेत कुरकुर होईल, तरी तपासाच.

रोख जमेतून परस्पर खर्च करू नका. आधी बँकेत भरा, मग काढा. नाहीतर पावतीपुस्तक आणि पासबुक जुळत नाही.

मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल, तर कार्यकारिणी बदलल्यावर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज) द्या. तो राहिला की पुढे बँक जुन्याच विश्वस्तांच्या सह्या मागते, आणि त्यातले काही तोवर हयात नसतात.