कॅडेट म्हणजे खरंच ‘धाकटा मुलगा’ का?

तुमचा मित्र म्हणाला की कॅडेट म्हणजे मुळात घरातला धाकटा मुलगा, आणि तुम्हाला ती थाप वाटली. थाप नाही, मित्र बरोबर आहे. फक्त त्याने गोष्ट मधूनच सुरू केली. मी स्वतः बरीच वर्षं कॅडेट हा ‘अकॅडमी’चा मोडून पडलेला तुकडा असणार असं धरून चाललो होतो, त्यामुळे तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही. (या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही.)

सुरुवात लॅटिनपासून. ‘कापुट’ म्हणजे डोकं. आपलं कपाळ ज्यातून आलं त्या संस्कृत ‘कपाल’शीही त्याचा संबंध जोडतात. कॅप्टन, कॅपिटल, चीफ, शेफ ही सगळी या डोक्याचीच पिलावळ. कापुटचं लघुरूप ‘कापितेल्लुम’, म्हणजे छोटं डोकं. आता फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या अलीकडे गॅस्कनी नावाचा प्रांत आहे. तिथल्या बोलीची खोड अशी, की लॅटिन शब्दाच्या शेवटाकडे आलेल्या जोड ‘ल’चा तिथे ‘त’ होतो. शेजारच्या बोलींत ‘कापदेल’ झालं, गॅस्कनीत ‘कापदेत’. अर्थ मात्र एकच: म्होरक्या, पथकाचा नायक. म्हणजे हा शब्द आपल्याला दिसतो तेव्हा तो शिकाऊ बिकाऊ कोणी नाही, चांगला पुढारी आहे!

मग तो धाकटा कसा झाला? त्या काळच्या सरदार घराण्यांत गढी, जमीन, किताब सगळं थोरल्याकडे जायचं. धाकट्याला एक तर चर्च, नाही तर तलवार. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत गॅस्कन नायक येऊ लागले, ते बहुतेक असेच धाकटे होते. दरबारी फ्रेंचांना गॅस्कन बोलीशी काय देणंघेणं? त्यांना दिसलं ते एवढंच, की कापदेत म्हणवणारा प्रत्येक जण घरचा धाकटा आहे. नायकपण बाजूला पडलं आणि धाकटेपण शब्दाला चिकटलं. फ्रेंचमध्ये ते अजून सुटलेलं नाही. तिथे आजही धाकट्या भावाला ‘कादे’ (कापदेतचंच फ्रेंच रूप, इंग्रजीत कॅडेट) म्हणतात, त्यात लष्कराचा वासही नसतो. एखाद्या गोष्टीची अजिबात फिकीर नसली की फ्रेंच माणूस म्हणतो, ही माझ्या काळज्यांतली धाकटी. मला हा वाक्प्रचार फार आवडतो. मित्राने ‘शेंडेफळ’ म्हटलं असेल तर मात्र त्याला टोका. शेंडेफळासाठी फ्रेंचांकडे वेगळा शब्द आहे.

राजघराण्यांच्या वंशावळीत धाकट्या मुलापासून निघालेल्या फांदीला इंग्रजीत कॅडेट शाखा म्हणतात, तीही याच अर्थाने. मराठीत त्यासाठी धाकटी पाती हा शब्द तयारच आहे. देवासच्या पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीमुळे तो आपल्या ओळखीचा. तिथे दोन्ही पात्यांना राज्य मिळालं, एवढं या गॅस्कन धाकट्यांच्या नशिबी नव्हतं.

लष्करी अर्थ पक्का झाला तो फ्रान्समध्येच. अधिकारी होऊ पाहणारे हे खानदानी धाकटे आधी साध्या शिपायासारखे बिनहुद्द्याचे राबत आणि काम शिकत. चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लुव्हवा याने १६८२ मध्ये अशा मुलांच्या वेगळ्या कंपन्या उभ्या केल्या. तिथून प्रशियाने कल्पना उचलली (बर्लिन, १७१७), मग रशियाने (१७३१). कॅडेट म्हणजे अधिकारीपदाचा उमेदवार हा अर्थ युरोपभर गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होणारी पोरंही कॅडेटच म्हणवली जात, आणि ती जागा मिळायला कंपनीच्या संचालकाची शिफारस लागे. इस्टेटीवर हक्क नसलेल्या मुलाची सोय लावायची ती जुनीच वाट.

शब्दाची दुसरी फांदी मात्र घसरत गेली. स्कॉटलंडमध्ये कॅडेटचं ‘कॅडी’ झालं. एडिंबरात अठराव्या शतकात निरोप पोचवणारी, पडेल ते काम करणारी पोरं कॅडी म्हणून ओळखली जात. गोल्फच्या काठ्या वाहणारा कॅडी तो हाच. त्याचंच आणखी तोडून ‘कॅड’ झालं, म्हणजे हलकट माणूस. एका डोक्यापासून कॅप्टनही निघाला आणि हलकटही.

जाता जाता एक सावधगिरी. रशियन क्रांतीच्या इतिहासात ‘कादेत’ पक्ष भेटतो, तो लष्करी नव्हे. घटनात्मक लोकशाहीवादी पक्षाच्या ‘का’ आणि ‘दे’ या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कॅडेट आणि रंगरूट एकच का? नाही. रंगरूट म्हणजे इंग्रजी ‘रिक्रूट’ आपल्या तोंडात बसून झालेला शब्द. त्याच्या मुळाशी फ्रेंचमधलं ‘पुन्हा वाढणं’ आहे: लढाईत घटलेली फौज नव्या माणसांनी पुन्हा भरून काढायची. रंगरूट शिपाई व्हायला शिकतो, कॅडेट अधिकारी व्हायला. खडकवासल्याच्या एनडीएत कॅडेट असतात, रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात रंगरूट. डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीत १९३२ साली पहिली तुकडी आली ती ४० ‘जेंटलमन कॅडेट’ची, त्या जेंटलमनमध्ये जुन्या खानदानीपणाचा अवशेष शिल्लक होता. एनसीसीचा कॅडेट तिसराच. १९४८ च्या कायद्याने ही संघटना उभी राहिली आणि त्याच कायद्याने तिच्या मुलांवर लढाईवर जाण्याचं बंधन नाही. शाळेतला तेरा-चौदा वर्षांचा मुलगाही तिथे कॅडेट असतो, आणि घरात तो थोरला की धाकटा हे कोणी विचारत नाही.

एनसीसीला मराठीत राष्ट्रीय छात्रसेना म्हणतात, आणि तुम्ही शब्दांचे शौकीन दिसता म्हणून सांगतो, ‘छात्र’ची व्युत्पत्ती मला कॅडेटपेक्षा सरस वाटते. पाणिनीच्या व्याकरणात तो ‘छत्र’, म्हणजे छत्री, या शब्दावरून साधला आहे. विद्यार्थ्याचा छत्रीशी काय संबंध? पाणिनीचा भाष्यकार पतंजली म्हणतो, गुरू हाच छत्र; त्याने शिष्याला झाकायचं आणि शिष्याने त्याला जपायचं. पाणिनीच्या सूत्रांवरच्या पुढच्या काळातल्या ‘काशिकावृत्ती’ या टीकेत तर गुरूचे दोष झाकतो तो छात्र, असा अर्थ लावला आहे. परेडच्या मैदानावर ओरडणारा उस्ताद आणि त्याच्यापुढे सावधान उभा असलेला छात्रसैनिक पाहिला, की मला हटकून काशिका आठवते.