जॉइनिंगला पाच आठवडे, आणि वाचायचं तरी किती?

“मॅडम, पाचच आठवडे राहिलेत. वाचून संपत नाही. होईल का माझं?”

खानापूर तालुक्यातला हा मुलगा बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आला आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यानं हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान शिकणारी मुलं माझ्याकडे येतात, नोकरी लागलेलीही येतात. कंपनीचं ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी काय तयारी करायची, ही काळजी जवळजवळ सगळ्यांनाच असते.

त्याचे उड्डाणाचे २०० तास, पायलटचं कमर्शियल लायसन्स, सगळं झालेलं. मधली दोन वर्षं वाट बघण्यात गेली आणि आता एअरबस ए३२० या प्रवासी विमानाच्या ट्रेनिंगसाठी बोलावणं आलं. मोबाइलमध्ये सीनियर मुलांकडून मिळालेल्या पीडीएफचा ढीग, त्याही तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. रात्री दोनपर्यंत वाचायचा, सकाळी काही आठवायचं नाही.

मी विचारलं, “समजा नाही झालं, तर पहिल्यांदा कुणासमोर उभं राहणं जड जाईल?”

बराच वेळ गप्प बसला. मग हळूहळू सांगू लागला. आप्पांनी उसाच्या जमिनीवर कर्ज काढलंय. गावाच्या वेशीवर पोरांनी त्याच्या फोटोचा अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय. बसमधून उतरला की तो फ्लेक्स दिसू नये म्हणून हा मागच्या पाणंदीनं घरी जायचा. पुस्तक मिटलं की आप्पांचा घात केल्यासारखं वाटायचं, म्हणून मिटायचाच नाही. डोक्यात काही शिरत नव्हतं ते यामुळे, बुद्धी कमी म्हणून नव्हे.

विमानातलं मला कळत नाही, तेव्हा ओळखीच्या एका ट्रेनिंग कॅप्टनना त्याच्यासमोरच फोन लावला. त्यांनी पहिलंच सांगितलं, “दुसऱ्या कंपन्यांच्या नोट्स काढून टाक.” काम तेच असलं तरी प्रत्येक कंपनीत कॉकपिटमध्ये कोण काय म्हणतो आणि कधी म्हणतो, यात फरक असतो. चुकीचं पाठ झालेलं पुसायला नव्यानं शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. तुझी कंपनी पाठवेल तेवढंच वाच, तोवर जुनं घासून घे. म्हणजे इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग (बाहेर न बघता, नुसत्या उपकरणांवर उडवणं), रेडिओवरचं बोलणं, तोंडी हिशेब. तीन अंशांच्या उतारानं खाली येताना ग्राउंड स्पीडला, म्हणजे जमिनीच्या हिशेबानं असलेल्या वेगाला, पाचानं गुणायचं: १४० नॉट्स (तासाला १४० नॉटिकल मैल) असेल तर मिनिटाला ७०० फूट खाली. उंचीच्या दर हजार फुटांना साधारण तीन नॉटिकल मैल, म्हणजे ३०,००० फुटांवरून उतरायला ९० नॉटिकल मैल तरी हवेत. खानापूर-बेळगाव बसमध्ये खिडकीशी बसून तो हे हिशेब करू लागला.

मला सगळ्यात पटली ती हातांची गोष्ट. लहान विमानात तो डावीकडे बसायचा, डावा हात योकवर (विमानाचं स्टिअरिंग), उजवा थ्रॉटलवर (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा). आता तो होणार को-पायलट, आणि को-पायलट बसतो उजवीकडे. एअरबसमध्ये त्याच्या उजव्या हातात योकऐवजी साइडस्टिक ही छोटी काठी आणि डाव्या हाताशी थ्रॉटलच्या जागी थ्रस्ट लिव्हर. म्हणजे हातांची सवयच उलटी करायची. हे वाचून कसं होणार?

मग त्यानं वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्या दुकानातून कॉकपिटचं चित्र फ्लेक्सवर मोठं करून आणलं आणि माडीवरच्या भिंतीला लावलं. समोर दोन खुर्च्या. हा उजवीकडे, डावीकडे अक्का. अक्का चेकलिस्टची ओळ वाचायची, हा उत्तर द्यायचा. तिसऱ्याच दिवशी तिनं त्याला थांबवलं. “म्हणालास की रे, पण बघितलास कुठं?” खरंच, ओळ संपायच्या आत उत्तर तोंडातून निघत होतं आणि डोळे भलतीकडेच. तेव्हापासून नियम ठरला: आधी बोट त्या जागी, मग नजर, मग शब्द. रोज चाळीस मिनिटं, त्यापुढे नाही.

इंग्रजी त्याला येतं, पण अडलं की तो गप्प होतो. मराठी माध्यमातल्या आपल्या पोरांचं हे नेहमीचं. “मला समजलं नाही, पुन्हा सांगा” हे इंग्रजीत मोठ्यानं म्हणायचा सराव मी माझ्या खोलीतच करून घेतला. पहिल्यांदा त्याचे कान लाल झाले. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावासाठीच्या नकली कॉकपिटमध्ये, शेजारी दुसरा शिकाऊ पायलट असतो, दोघं आळीपाळीनं उडवतात. तिथं गप्प बसणं दोघांनाही महागात पडतं.

झोपेवर मात्र मी अडून बसले. सिम्युलेटर रात्रंदिवस चालतात, चार तासांचं सेशन पहाटे दोनलाही लागू शकतं. जागून आलेल्या डोक्याला तिथं काही सुचत नाही. रात्री दहाला फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, आणि शेवटच्या आठवड्यात दुपारी खिडकीला चादर लावून झोपायची सवय करायची. मेडिकल सर्टिफिकेटची मुदत, लॉगबुकातल्या उड्डाणाच्या तासांच्या बेरजा हे एका सकाळचं काम, ते त्यानं उरकलं.

एका रविवारी आप्पांना बोलावून घेतलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पोराकडे बघत म्हणाले, “कर्ज मी काढलोय, ते मी बघतो. तू तुझं बघ.” दोघंही रडले. मी उठून पाणी आणलं.

तो गेला. पहिलं सिम सेशन काही धड झालं नाही. इन्स्ट्रक्टरनी बऱ्याच चुका काढल्या. त्यानं त्या वहीत लिहिल्या, जेवला, झोपला, आणि संध्याकाळी घरी फोन लावला. अक्कानं जेवणाचं विचारायच्या आधी विचारलं, “बघून म्हणालास न्हवं?”