सिंगापूरमध्ये नोकरी करता करता पोलीस होता येतं, हे खरं का? ते आपल्या होमगार्डसारखंच असतं का?

हो, खरं आहे. तुम्ही विचारलंय की सिंगापूरला दिवसा ऑफिसात बसणारा माणूस संध्याकाळी पोलिसाच्या गणवेशात गस्त घालतो हे खरं का, आणि खरं असेल तर हा प्रकार म्हणजे आपला होमगार्डच का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन झालं. दुसऱ्यासाठी जरा मागे जावं लागेल. गंमत अशी की दोन्ही दलांचं जन्मसाल एकच, १९४६. पुढे मात्र दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

सिंगापूरच्या या दलाचं नाव व्हॉलंटिअर स्पेशल कॉन्स्टॅब्युलरी, म्हणजे स्वयंसेवक पोलीस दल. मी सिंगापुरात राहतो, इथे सगळे नुसतं व्हीएससी म्हणतात. आमच्या ब्लॉकमधले एक चिनी अंकल त्यात आहेत. दिवसा मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेब बघतात आणि महिन्यातल्या काही संध्याकाळी पोलीस असतात. ऑफिस सुटलं की थेट ठाण्यावर जायचं, गणवेश चढवायचा, सही करून शस्त्र घ्यायचं, त्या दिवशीच्या सूचना ऐकायच्या आणि जोडीदाराबरोबर गस्तीला निघायचं. महिन्याला किमान १६ तास भरावे लागतात. गणवेश तोच गडद निळा आणि अटक करायचा अधिकारही तोच. दिवाळीच्या दिवसांत लिटल इंडियात ते बंदोबस्ताला दिसले तेव्हा मी सवयीने ‘हॅलो अंकल’ म्हणून हात केला. त्यांनी जेमतेम मान हलवली आणि परत गर्दीवर नजर ठेवून उभे राहिले. लिफ्टमध्ये भेटणारे अंकल ते हेच का, असं वाटून गेलं.

(विमानतळावर किंवा कॅसिनोपाशी जे सशस्त्र ‘ऑक्झिलरी पोलीस’ दिसतात ते वेगळे. ते कंपन्यांचे पगारी लोक, स्वयंसेवक नव्हेत. नवीन आलेल्यांचा हमखास घोटाळा होतो.)

आता इतिहास. स्वयंसेवकांच्या हाती दंडुका द्यायची सवय सिंगापूरला व्हीएससीच्या कितीतरी आधीपासून आहे. मे १८५४ मध्ये इथे होक्कियन आणि तिओच्यू या दोन चिनी समाजांत भयंकर दंगल पेटली. ठिणगी कशाची, तर पाच कट्टी तांदळाच्या भावावरून झालेल्या भांडणाची. पाच कट्टी म्हणजे आपले साधारण तीन किलो! अर्थात आत राग वेगळाच होता. चीनमधल्या अमॉयहून हाकलल्या गेलेल्या बंडखोरांसाठी वर्गणी द्यायला होक्कियन लोकांनी नकार दिला होता. दहा-बारा दिवस मारामाऱ्या, जाळपोळ, आणि चारेकशे माणसं मेली. त्या वेळी सिंगापूर ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होतं, कारभार कलकत्त्याहून चालायचा आणि पोलीस म्हणाल तर मूठभर. मग गोऱ्या रहिवाशांना शपथ देऊन ‘स्पेशल कॉन्स्टेबल’ करण्यात आलं. त्याच वर्षी सिंगापूर व्हॉलंटिअर रायफल कोअरही उभी राहिली.

१९१५ ला पुन्हा तेच. १५ फेब्रुवारीला चिनी नववर्षाच्या सुट्टीत हिंदुस्थानी सैन्याच्या पाचव्या लाइट इन्फंट्रीतल्या शिपायांनी बंड केलं आणि शहर हादरलं. घाईघाईने जे स्पेशल कॉन्स्टेबल नेमले त्यांत इथले जपानी रहिवासीही होते, कारण तेव्हा जपान ब्रिटिशांचा दोस्त होता. बरोबर सत्तावीस वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९४२ ला, पुन्हा चिनी नववर्षाच्याच दिवसांत, ब्रिटिशांनी याच सिंगापुरात जपान्यांपुढे शस्त्रं टाकली.

या दोन्ही वेळचे स्वयंसेवक कोण होते ते बघा. राज्यकर्ते, त्यांच्या पेढ्या चालवणारे आणि त्यांचे मित्र. शहरात राहणाऱ्या बहुसंख्य माणसांपासून शहर वाचवायचं, अशी ती कल्पना. माझ्या मते १९४६ ला जे घडलं त्याचं महत्त्व इथेच आहे. या वेळी शपथ घ्यायला खुद्द शहरातली माणसंच पुढे आली.

परिस्थिती फार वाईट होती. जपानी गेले, पण तांदूळ मिळत नव्हता, काळाबाजार तेजीत होता, युद्धातली बेवारस हत्यारं सगळीकडे फिरत होती आणि चिनी गुप्त टोळ्यांनी डोकं वर काढलं होतं. पोलीस खात्याची अवस्था त्याहून बिकट. जपानी अमलात त्याच खात्यातले अनेक जण नोकरीवर राहिले होते, त्यामुळे लोकांचा विश्वास उडालेला. जुनी शीख तुकडी मोडीत निघाली आणि तिच्या जागी गुरखा तुकडी यायला १९४९ उजाडलं. या मधल्या काळात, १९४६ मध्ये, सुमारे १५० स्वयंसेवकांनिशी स्पेशल कॉन्स्टॅब्युलरी, म्हणजे आजची व्हीएससी, सुरू झाली. निरनिराळ्या धंद्यांतली, नोकऱ्यांतली माणसं. दिवसा पोटापाण्याचं काम आणि रात्री गस्त.

तिकडे मुंबई इलाख्यात त्याच वर्षी ६ डिसेंबरला होमगार्डची स्थापना झाली. कारणही जवळपास तेच: जातीय दंगे आणि अपुरे पोलीस. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. पुढच्या वर्षी मुंबई होमगार्ड कायदा आला.

सिंगापुरात नंतरची वीस वर्षं दंगलींचीच म्हणायची. डिसेंबर १९५० मध्ये मारिया हर्टोग या डच मुलीच्या ताब्याच्या खटल्यावरून दंगल झाली आणि १८ माणसं मेली. त्या दंगलीत बरेच पोलीस हातावर हात ठेवून उभे राहिले, असा ठपका पुढे आला.

पण व्हीएससीच्या लोकांना विचारलं तर ते १२ मे १९५५ ची आठवण काढतील. हॉक ली बस कंपनीच्या कामगारांचा संप एप्रिलपासून चालू होता. डेव्हिड मार्शल नुकतेच पहिले मुख्यमंत्री झाले होते. चिनी माध्यमाच्या शाळांतली मुलं संपकऱ्यांना जेवण पोचवत, गाणी म्हणून दाखवत. पोलिसांनी डेपोच्या फाटकावरचा घोळका पाण्याचे फवारे मारून हटवला आणि त्या संध्याकाळी अलेक्झांड्रा रोडच्या भागात जमाव बेफाम झाला. रात्रभरात चार बळी गेले. एक पोलीस डिटेक्टिव्ह, एक अमेरिकन पत्रकार जीन सिमंड्स, सोळा वर्षांचा एक शाळकरी मुलगा, आणि अँड्र्यू टिओ. हा अँड्र्यू टिओ स्पेशल कॉन्स्टॅब्युलरीतला स्वयंसेवक होता. जमावाच्या मारहाणीत गेला. तो मुलगा गोळी लागून जखमी झाला होता. जमावाने त्याला इस्पितळात न्यायच्या ऐवजी तासन्‌तास रस्त्यांवरून मिरवलं. बळी कोणत्या बाजूचा हे विचारण्यात अर्थ नाही, पण एक सांगतो: पगारी पोलिसाला त्या रात्री घरी बसायची सोय नव्हती, टिओला बहुधा असती. व्हीएससीबद्दल इथे जो आदर आहे त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

१९५६ ला पुन्हा विद्यार्थी दंगल, १९६४ ला जुलै आणि सप्टेंबरमध्ये मलाय-चिनी दंगली, त्यांत २३ आणि १३ मृत्यू. शिवाय इंडोनेशियाशी ‘कॉन्फ्रोंतासी’, म्हणजे अघोषित संघर्ष, चालू होती, बॉम्ब फुटत होते. १० मार्च १९६५ ला मॅकडॉनल्ड हाउसमधल्या स्फोटात तिघे गेले. त्या वर्षांत व्हिजिलांटे कोअर नावाचं आणखी एक स्वयंसेवक दल निघालं. पहारे आणि राखण हे त्याचं काम.

खरी कलाटणी १९६७ ची. ऑगस्ट १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं होतं. स्वतःचं सैन्य म्हणावं असं काही नव्हतं आणि सक्तीच्या राष्ट्रीय सेवेचा कायदा आला. पहिल्या तुकडीतले थोडेच तरुण पूर्णवेळ सैन्यात गेले, बाकीच्यांना अर्धवेळ सेवा, आणि त्यातले काही आले स्पेशल कॉन्स्टॅब्युलरीत. म्हणजे एकाच दलात आपण होऊन आलेले आणि सरकारने आणलेले असे दोन गट झाले. पुढे १९७५ पासून पोलीस खात्यात पूर्णवेळ राष्ट्रीय सेवाही सुरू झाली. हुकमी तरुण मिळायला लागल्यावर हौशी लोक कशाला हवेत, असं कुणालाही वाटलं असतं. तरी व्हीएससी बंद केली नाही. मला विचाराल तर हा शहाणपणा होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराकडे अंगात जोर असतो, पण नवरा-बायकोच्या भांडणात दार वाजवून आत जायचं असेल तर पन्नाशीचा, संसार केलेला, समोरच्याची बोली बोलणारा माणूस लागतो. दंगली थांबल्या तशी कामं बदलली. गस्त, वाहतूक, किनारपट्टी, सणांचे बंदोबस्त. २०१८ पासून ज्यांना फक्त लोकसंपर्काचं काम करायचंय त्यांच्यासाठी कमी प्रशिक्षणाची वेगळी योजनाही आहे.

आता तुमची तुलना. होमगार्डही कागदोपत्री स्वयंसेवकच. पण आपल्याकडे कितीतरी घरं त्या कर्तव्यभत्त्यावर चालतात, म्हणून बोलावणं कधी येतं याची वाट बघितली जाते. भत्त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१५ मध्ये पोलीस शिपायाच्या किमान वेतनाच्या हिशेबाने भत्ता द्या, असं न्यायालयाने सांगितलं. इथे तासाला नाममात्र भत्ता असतो आणि त्यावर कुणी जगत नाही. म्हणून ‘त्यांची सेवा खरी आणि आपली पोटासाठी’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. पोट भरलेल्या माणसाला संध्याकाळ देशाला देणं परवडतं. फरक माणसांच्या वृत्तीत नाही, परिस्थितीत आहे. अधिकारांच्या बाबतीत मात्र सिंगापूरने स्वयंसेवकाला पूर्ण पोलीस मानलं. आपला होमगार्ड बहुतेक वेळा चौकात पोलिसाच्या मदतीला उभा असतो आणि लोकही त्याला तसंच वागवतात.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ‘आपल्याला जाता येतं का’ असंही विचारलंय. सिंगापूरचे नागरिक किंवा पीआर (कायमचे रहिवासी) असाल आणि वय अठराच्या पुढे असेल तर अर्ज करता येतो. निवड झाली तर नोकरी सांभाळून, संध्याकाळी काही महिने प्रशिक्षण असतं, आणि त्यात कायद्याचा अभ्यास आणि नेमबाजी दोन्ही आलं. नुसत्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, असाल तर नाही.