जर्मन शिकणाऱ्याने एक वर्ष जर्मनीत काढलं तर भाषा खरंच सुधारते का? की वर्ष वाया जातं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात जर्मनमध्ये एमए करताय, वर्षभरासाठी तिकडच्या विद्यापीठात जायची संधी चालून आली आहे आणि घरचे म्हणतात वर्ष फुकट जाईल. मी पुण्यातच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले आणि असंच एक वर्ष जर्मनीतल्या ग्योटिंगन या विद्यापीठाच्या गावी राहून आले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाषा सुधारते, अगदी ओळखू न येण्याइतकी सुधारते. पण ती नुसतं तिथे राहिल्याने सुधारत नाही. विद्यापीठ कुठलं यापेक्षा तुम्ही कुणाबरोबर राहता यावर तुमचं वर्ष ठरतं. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला मोठ्या शहरातलं नावाजलेलं विद्यापीठ मिळालं. फ्लॅटमध्ये सगळी आपलीच मुलं. घरात हिंदी-मराठी, बाहेर सगळं इंग्रजीवर निभत होतं. मुलगी हुशार, वाचन माझ्यापेक्षा दांडगं, पण परत आल्यावर बोलायला बसली की पूर्वीसारखीच अडखळायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की खोली निवडताना भाषेचाही विचार करायचा असतो. तुम्हाला मी आत्ताच सांगते आहे.

तिकडचे विद्यार्थी बहुतेक वेगे करून राहतात, म्हणजे ज्याची त्याची खोली वेगळी आणि स्वयंपाकघर, बाथरूम सामाईक. अशा घरात जागा मिळवा, तीही जर्मन मुलं असतील तिथे. माझ्या वेगेत फ्रिजवर साफसफाईचा तक्ता लावलेला असायचा: या आठवड्यात स्वयंपाकघर कुणाकडे, कचरा कुणाकडे, जिना कुणाकडे. महिन्यातून एकदा सगळे टेबलाभोवती बसून घरातल्या गोष्टींवर बोलायचे. फ्रीझरमधला बर्फ कुणी काढायचा, ओव्हनचा ट्रे कुणी तसाच ठेवला, आणि मी आल्यापासून एक नवा विषय म्हणजे फोडणीचा वास. घरातली एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली की फोडणी करताना दार लावून खिडकी उघडलीस तर बरं होईल. वाक्य मला शब्दन् शब्द समजलं. पण नामाआधी ‘डेअर’ लावायचं की ‘दास’ (जर्मनमधली लिंगानुसार बदलणारी आर्टिकलं) हे मनातल्या मनात ठरवेपर्यंत चर्चा रिकाम्या बाटल्यांवर गेली होती (बाटल्या दुकानात परत दिल्या की प्लॅस्टिकच्या एका बाटलीमागे 25 सेंट मिळतात, ते कुणी घ्यायचे हा खरोखरचा प्रश्न असतो). पुढच्या बैठकीत मी आर्टिकल चुकवत का होईना, उत्तर दिलं. व्याकरणाला कुणी हसलं नाही, कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांना फक्त खिडकीचं काय ते ठरवायचं होतं. वर्गात आपण चूक टाळण्यासाठी बोलतो. त्या टेबलाशी मी पहिल्यांदा काहीतरी हवं होतं म्हणून बोलले, आणि भाषा तिथून सुटी झाली.

सुरुवातीचे दोन-तीन महिने तुम्ही गप्प गप्प असाल. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं, घाबरू नका. पुण्यात बी-2 ही वरच्या पातळीची भाषा-परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेला विद्यार्थीही तिथे जेवणाच्या टेबलावर हरवतो, कारण परीक्षेच्या ध्वनिफितीत एका वेळी एकच माणूस बोलतो आणि तोही स्पष्ट. समोरच्याने तुम्ही अडखळताय हे पाहून इंग्रजी सुरू केलं, तर रागावू नका आणि इंग्रजीत उत्तरही देऊ नका. मला शिकायचंय, जर्मनमध्येच बोलूया, असं हसून सांगायचं. बहुतेक लोक लगेच मान्य करतात.

सगळ्यात अवघड जातो फोन. समोर चेहरा नसतो, हातवारे नसतात. डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन केला की पलीकडून भराभर प्रश्न येतात: विमा कुठला, जन्मतारीख काय, आधी कधी आला होतात का. मी पहिल्यांदा सगळी उत्तरं कागदावर लिहून मग नंबर फिरवला होता. आकड्यांचं मात्र आपल्याला बरं आहे. मराठीत जसं एकवीस, बावीस म्हणताना एकक आधी येतो, तसाच जर्मनमध्येही येतो. इंग्रजीतून विचार करणारे तिथे अडकतात. ही कामं मित्राकडून करून घेऊ नका. बँक, महापालिकेत पत्त्याची नोंदणी, विमा, घरमालक, सगळीकडे स्वतः जा. एका सत्रातल्या संभाषणाच्या तासांपेक्षा अशा कामांनी मला जास्त शिकवलं.

विद्यापीठात सेमिनारची पद्धत वेगळी वाटेल. विद्यार्थी प्राध्यापकांचं म्हणणं तोंडावर खोडून काढतात आणि प्राध्यापक ते मन लावून ऐकतात. व्याख्यान संपलं की टाळ्यांऐवजी सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. माझं रेफेराट, म्हणजे वर्गापुढचं सादरीकरण, झाल्यावर ती टकटक झाली तेव्हा फार बरं वाटलं. एक आग्रहाने सांगते: व्याख्यानं संपल्यावर फेब्रुवारी-मार्चच्या सुट्टीत सगळे युरोप फिरायला निघतात. तुम्हीही फिरा, पण निदान एक हाउसआर्बाइट, म्हणजे सेमिनारसाठीचा दीर्घ निबंध, पूर्ण लिहा. दहा-पंधरा पानं जर्मनमध्ये मुद्दा धरून लिहिणं, कुणीतरी ती लाल करून परत देणं, मग पुन्हा लिहिणं, हे पुण्यात बसून तितकं होत नाही. लेखनासाठी मदत करणारं केंद्र बऱ्याच विद्यापीठांत असतं, मुलं तिकडे फिरकतच नाहीत.

ग्योटिंगनचं आणि आपल्या गावाचं नातं जुनं आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. फ्रान्त्स कीलहॉर्न हे जर्मन पंडित एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायचे, पुण्यातल्या शास्त्र्यांबरोबर बसून व्याकरण वाचायचे. ते 1882 मध्ये ग्योटिंगनला प्राध्यापक झाले. पुण्याचे संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर यांना त्याच विद्यापीठाने 1885 मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. कीलहॉर्न घरी बसून ग्रंथ वाचू शकले असते. तरी ते पुण्यात येऊन शास्त्र्यांजवळ बसले, हे मला तिथे राहताना फार जवळचं वाटायचं.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहिते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारच्या आसपास अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, दिवाळीला सुट्टी नाही. घरी फोन करा, जरूर करा. पण रोज संध्याकाळी दोन तास व्हिडिओ कॉलवर गेलात तर जर्मन बोलायची जी वेळ असते तीच जाते. आईला आधीच सांगून ठेवा की ठरावीक वेळीच बोलेन, नाहीतर तीही काळजीत. गावातल्या गायनमंडळात, खेळाच्या क्लबात, चर्चच्या स्वयंपाकघरात, कुठेही नाव घाला. विद्यापीठाच्या खेळवर्गांची फी अगदी थोडी असते. आणि मन फारच उदास झालं तर विद्यापीठाचे समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जायला लाजू नका.

आता पैसे. शिष्यवृत्ती नसेल तर व्हिसासाठी बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. ही रक्कम वाढत गेली आहे, तेव्हा अर्ज करताना पुन्हा तपासा. डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) शिष्यवृत्ती मिळाली तर प्रश्नच मिटतो. वर्षभरात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात कामाच्या मागे लागू नका. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र लागतं. काहींना त्यातून सूट असते, तुम्ही त्यात बसता का ते विभागात विचारा.

घरच्यांचं ‘वर्ष फुकट’ हे म्हणणं एका बाबतीत खरं ठरू शकतं: तिथले विषय इथे धरले गेले नाहीत तर. म्हणून निघण्याआधी कुठले विषय घेणार आणि त्यांचे क्रेडिट इथे कसे मोजणार हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो, बघू’वर विसंबू नका. तो कागद घरच्यांना दाखवा, अर्धा वाद तिथेच मिटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना सांगा की चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांत जर्मनसाठी मुलाखत बहुतेक वेळा बोलण्याचीच असते. मला पहिली नोकरी अशाच मुलाखतीत मिळाली.

आणि खोली शोधायला प्रवेशाचं पत्र हातात यायची वाट पाहू नका. ऑक्टोबरच्या सत्रासाठी लहान गावांतही वसतिगृहांच्या याद्या उन्हाळ्यातच भरतात. वेगेच्या जाहिरातींना जर्मनमध्येच उत्तर लिहा, स्वतःबद्दल चार ओळी घाला, काय रांधता तेही सांगा. मसुदा इथे टाकलात तर मी वाचून देईन.