३२ ओळी लिहायच्या आधी निष्कर्ष खोटा पाडून बघा

युक्तिवादात पाच वेगवेगळी साधी विधानं आहेत, ३२ ओळींचं सत्यता कोष्टक (विधानं सत्य-असत्य असण्याच्या सगळ्या शक्यता, एका ओळीत एक) मांडताना दर वेळी कुठेतरी चुकतं, आणि सिद्धता करायची तर सुरुवातच सुचत नाही, ही तुमची अडचण. दोन्हींवर औषध एकच.

वैध युक्तिवादात सगळी आधारविधानं सत्य आणि निष्कर्ष मात्र असत्य, अशी ओळ कोष्टकात येऊच शकत नाही. मग बाकीच्या ओळी भरत कशाला बसायचं? ती एकच ओळ जमवून बघायची.

समजा: सुट्टी मिळाली तर गावी जाईन. गावी गेलो तर लग्नाला नसेन. लग्नाला असेन किंवा आहेर पाठवीन. आहेर पाठवला तर हजार रुपये जातील. म्हणून, सुट्टी मिळाली तर हजार रुपये जातील. हेच चिन्हांत (⊃ म्हणजे ‘तर’, ~ म्हणजे ‘नाही’, ∨ म्हणजे ‘किंवा’, ∴ म्हणजे ‘म्हणून’):

स ⊃ ग
ग ⊃ ~ल
ल ∨ आ
आ ⊃ ह
∴ स ⊃ ह

निष्कर्ष असत्य धरा. ⊃ असत्य होण्याची तऱ्हा एकच: स सत्य, ह असत्य. आता आधारविधानं सत्य ठेवत खाली या. स सत्य, म्हणून ग सत्य. म्हणून ल असत्य. तिसरं विधान टिकवायचं तर आ सत्य. आणि चौथ्यामुळे ह सत्य. पण ह तर आपण असत्य धरलं होतं! ओळ जमत नाही, म्हणजे युक्तिवाद वैध.

गंमत म्हणजे सिद्धताही हीच. स गृहीत धरा, मोडस पोनेन्सने (‘स ⊃ ग’ आणि स, म्हणून ग) ग, पुन्हा त्यानेच ~ल, मग ‘ल ∨ आ’ मधला ल बाद म्हणून आ, शेवटी ह. गृहीतक सोडा: स ⊃ ह. (तो बाद करण्याचा नियम कुत्र्यालाही कळतो, असं क्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगतात. तिठ्यावर दोन वाटा हुंगून वास लागला नाही, की कुत्रा तिसरी न हुंगताच धावतो.)

एक जागा सांभाळा. निष्कर्ष ‘प · फ’ (प आणि फ) असा असेल तर तो तीन तऱ्हांनी असत्य होतो. तिन्ही तपासल्याशिवाय वैध म्हणू नका. गुण इथेच जातात.

ओळ जमली तर मात्र युक्तिवाद अवैध, आणि ती ओळच त्याचा पुरावा. नुसती सिद्धता सुचली नाही म्हणून अवैध ठरत नाही. मी एकदा परीक्षेत अर्धा तास एका सिद्धतेवर घालवला. नंतर बघतो तर दुसरं आधारविधान उतरवताना ~ राहून गेलं होतं.