एका पेशीवर करिअर होऊ शकते का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. बारावीत शिकणाऱ्या आपल्या मुलीने लैंगिक प्रजननाचा पाठ वाचल्यापासून युग्मनजाचा ध्यास घेतला आहे आणि ‘मला त्या एका पेशीवरच काम करायचे आहे’ असे ती म्हणते. तिने डॉक्टर व्हावे अशी आपली इच्छा आहे, तिचे गणित बेताचे आहे, आणि एका पेशीच्या अभ्यासावर कोणाचे पोट भरते का, हा आपला सरळ प्रश्न आहे. ‘युग्मनज म्हणजे गर्भच ना, मग स्त्रीरोगतज्ज्ञ झाली की झाले’ असेही आपण ओघात लिहिले आहे. उत्तराची सुरुवात मी याच वाक्यापासून करते, कारण आपला आणि मुलीचा मतभेद मला तिथेच दडलेला दिसतो.

शुक्राणू आणि अंडपेशी यांच्या मीलनातून तयार होणारी एकमेव पेशी म्हणजे युग्मनज. माणसात तिचा व्यास साधारण ०.१ मिलिमीटर असतो आणि एक दिवसाहून थोड्याच अधिक काळात तिचे पहिले विभाजन होते. तिथून पुढे आपण तिला भ्रूण म्हणतो आणि आठ आठवडे पूर्ण झाल्यावर गर्भ. स्त्रीरोगतज्ज्ञाचा संबंध मुख्यतः आई आणि गर्भ यांच्याशी येतो. युग्मनज प्रत्यक्ष पाहण्याचे काम वेगळ्या माणसांचे असते. म्हणजे आपण मुलीला सुचवलेला मार्ग उत्तम असला, तरी तिने बोट ठेवलेल्या जागी तो नेईलच असे नाही.

तिला या पेशीत एवढे काय दिसले असेल, याचा विचार मी पत्र वाचल्यावर बराच वेळ करत होते. आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ गुणसूत्रे येऊन ४६ होतात, हे पाठ करण्याजोगे वाक्य आहे; पण ती २३ कोणती, हे प्रत्येक युग्मक, म्हणजे अंडपेशी किंवा शुक्राणू, तयार होताना नव्याने ठरते. जोड्यांच्या नुसत्या वाटपातूनच ८३,८८,६०८ प्रकारची युग्मके संभवतात आणि गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल त्याआधीच होत असल्यामुळे खरी विविधता त्याहून कितीतरी मोठी असते. शिवाय ‘निम्मे आईचे, निम्मे वडिलांचे’ हेही पूर्ण सत्य नाही. पेशीद्रव्य आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका जवळजवळ सर्वस्वी अंडपेशीच्या असतात, तर मूल मुलगा होणार की मुलगी, हे सामान्यतः शुक्राणूने आणलेल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावरून ठरते. १९८४ मध्ये संशोधक अझीम सुराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच आणखी एका स्वतंत्र गटाने, उंदराच्या युग्मनजात दोन्ही गुणसूत्रसंच केवळ मादीकडचे किंवा केवळ नराकडचे ठेवून पाहिले. संख्या पूर्ण भरूनही पिलू जन्माला आले नाही, कारण काही जनुकांवर ती कोणाकडून आली याची खूण असते आणि वाढीसाठी दोन्हींकडच्या खुणा लागतात. ज्या विषयात बेरीज बरोबर येऊनही उत्तर चुकते, त्या विषयाने हुशार मुलीला धरून ठेवले, यात मला नवल वाटत नाही.

आता डॉक्टर होण्याविषयी. शरीराबाहेर फलन झालेल्या अंडपेशीपासून जन्मलेले पहिले बाळ, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगात आले. त्यामागे तीन व्यक्ती होत्या आणि त्यांतले डॉक्टर एकटे पॅट्रिक स्टेप्टो. रॉबर्ट एडवर्ड्स हे प्राण्यांचे प्रजनन आणि आनुवंशिकी यांचे अभ्यासक होते. त्यांना २०१० मध्ये नोबेल मिळाले. तिसऱ्या जीन पर्डी यांचे शिक्षण परिचारिकेचे होते, आणि प्रयोगशाळेतील काम त्या सांभाळत. त्यांचे नाव फार उशिरा घेतले जाऊ लागले, ही गोष्ट मला आजही खटकते. एकाच पेशीपाशी तीन वेगवेगळ्या वाटांनी पोहोचता येते, हे या तिघांकडे पाहून आपल्या लक्षात येईल.

पर्डी यांच्या वाटेला आज भ्रूणतज्ज्ञाचा व्यवसाय म्हणतात. फलनाची प्रक्रिया केल्यानंतर सुमारे १६ ते १८ तासांनी भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशी तपासते. तिला पेशीच्या मध्यभागी शेजारी शेजारी दोन फिकट वर्तुळे हवी असतात, एक अंडपेशीच्या केंद्रकाचे आणि एक शुक्राणूच्या. तीन दिसली, तर बहुधा दोन शुक्राणू आत शिरलेले असतात किंवा अंडपेशीने आपला जास्तीचा संच बाहेर टाकलेला नसतो, आणि ती पेशी वापरली जात नाही. पहिल्या विभाजनापूर्वी ही वर्तुळे दिसेनाशी होतात, त्यामुळे तपासणी सवडीने करता येत नाही; सुट्टीच्या दिवशीही वेळ पाळावीच लागते. प्रत्येक डिशवरचे नाव मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने ते पडताळायचे, अशी दुहेरी खात्री अशा प्रयोगशाळांत केली जाते. एका चुकीने दोन कुटुंबांचे आयुष्य बदलू शकते. स्थिर हात, कंटाळा न येता तेच काम तितक्याच काळजीने करण्याची वृत्ती आणि यश न आल्याचे पुन्हा पुन्हा पाहण्याचे बळ, हे आपल्या मुलीत आहे का, ते गुणपत्रिका सांगणार नाही. आपण सांगू शकाल.

तिला पेशी पाहण्यापेक्षा त्या पेशीतील मजकूर वाचण्याची ओढ अधिक असेल, तर आनुवंशिकीकडे वळावे, आणि माणसांशी बोलणे आवडत असेल तर जनुकीय समुपदेशनाकडे. गणिताची शंका येथे येते. आई आणि वडील दोघेही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही दोघांकडे त्याचे सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप’ असा समज करून घेणारे पालक अनेक असतात, आणि प्रत्येक युग्मनजाचा हिशेब नव्याने सुरू होतो हे त्यांना न दुखावता समजावणे हे समुपदेशकाचे काम आहे. यासाठी संभाव्यता आणि संख्याशास्त्र पक्के लागते. ‘गणित बेताचे’ म्हणून हे क्षेत्र सोडू नये, पण गणिताचा तेवढा भाग मात्र आतापासून मनापासून करावा.

वनस्पतींतही युग्मनज तयार होते आणि बीजातला भ्रूण त्यापासूनच घडतो, त्यामुळे पीक-सुधारणेची वाटही तिला खुली आहे. संशोधनात जायचे तर पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएच.डी.ची वर्षे धरावी लागतात, आणि स्थिर उत्पन्न उशिरा सुरू होते. हे आपण आणि मुलीने आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. भ्रूणतज्ज्ञ होण्यासाठी जीवशास्त्रातील पदवी आणि त्यानंतर भ्रूणविज्ञानातील विशेष शिक्षण हा सरळ मार्ग आहे. वैद्यकीय पदवी घेऊनही तिथे जाता येते, म्हणून आपल्या इच्छेचा दरवाजा बंद होत नाही.

निर्णय लगेच घेऊ नका. तिला एकदा भ्रूणतज्ज्ञाशी आणि एकदा जनुकीय समुपदेशकाशी तासभर बोलू द्या, आणि दोघांनाही त्यांच्या कामातला सर्वांत कठीण दिवस कोणता होता, हे विचारायला सांगा. त्यानंतरचे पत्र तिने स्वतः लिहावे, आणि युग्मनजाविषयी तिला पडलेला पण पाठ्यपुस्तकात न सापडलेला एक प्रश्न त्यात जरूर असावा. तो वाचल्यावर यांतल्या कोणत्या वाटेविषयी सविस्तर लिहायचे, ते मला ठरवता येईल.

आपली,
करिअर मार्गदर्शक