वाचकांचे प्रश्न : बंडखोरांच्या कथा आणि त्यांची सत्यता

प्रश्न : ठाण्याच्या कारागृहावरून जाताना 19 एप्रिल 1910 रोजी तेथे फाशी गेलेल्या अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांची आठवण होते. त्यांच्या पिढीने कविता आणि पोवाडे यांतून लोकांना जागे केले, असे आपण अभिमानाने सांगतो. आजच्या सशस्त्र गटांनी तेच केले तर त्याला अपप्रचार म्हणतो. बंडखोरांच्या कथा खोट्याच असतात का? आणि असल्या, तर लोक त्यांवर विश्वास का ठेवतात?
– एक वाचिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण उल्लेख केलेले तिघे ज्या प्रकरणात फाशी गेले, त्याच्या मुळाशीच कविता होत्या. जून 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती राजद्रोही ठरवलेल्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल. आणि त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात तेथील जिल्हाधिकारी जॅक्सनवर कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्यामागे या शिक्षेचा सूड हे एक प्रमुख कारण होते. सगळ्या बंडांचे न्याय्यपण एका मापाने मोजता येणार नाही, हे उघड आहे; मात्र कथेचे तंत्र सर्वत्र बरेचसे सारखे असते.

या तंत्रात शुद्ध थाप आपण समजतो त्यापेक्षा कमी असते, असे माझे मत आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोर या देशाचे उदाहरण घ्या. 1981 च्या जानेवारीत तेथील मोरासान प्रांतातल्या डोंगरांतून ‘रेडिओ व्हेन्सेरेमोस’ हे बंडखोरांचे गुप्त प्रक्षेपण सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारी लष्कराच्या आत्लाकात्ल बटालियनने एल मोसोते आणि आसपासच्या गावांत शेकडो माणसे मारली, आणि ही बातमी या रेडिओने दिली. जानेवारी 1982 मध्ये दोन मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रांच्या बातमीदारांनी प्रत्यक्ष जाऊन लिहिले, तरी साल्व्हादोरच्या लष्कराला मदत करणाऱ्या अमेरिकी प्रशासनाने पद्धतशीर कत्तलीचा पुरावा नसल्याचे सांगितले. 1992 मध्ये जमीन खणली गेली, तेव्हा चर्चलगतच्या एकाच इमारतीत 143 सांगाडे सापडले आणि त्यांपैकी 131 बारा वर्षांखालील मुलांचे होते. म्हणजे या बाबतीत बंडखोरांचा रेडिओ खरे बोलत होता. (या रेडिओचा लष्कराला इतका ध्यास लागला होता, की ऑक्टोबर 1984 मध्ये कत्तलीच्या वेळी बटालियनचा प्रमुख असलेला कर्नल मोन्तेरोसा, हाती लागलेला ट्रान्समीटर विजयाने हेलिकॉप्टरमधून नेताना, त्यात दडवलेल्या स्फोटकांनी मारला गेला.)

मग खोट कुठे असते? ती वगळण्यात असते. हा रेडिओ चालवणाऱ्या ‘ईआरपी’ या गटानेच मे 1975 मध्ये आपला सहकारी कवी रोके दाल्तोन याला हेर ठरवून ठार केले होते. अशा प्रकरणांना शौर्यकथेत जागा मिळत नाही. श्रीलंकेत ‘लिट्टे’ने 27 नोव्हेंबर हा वीरदिन ठरवला, मृत लढवय्यांसाठी दफनभूमी उभारल्या, दिवे लावले आणि त्या दिवशी प्रभाकरनचे वार्षिक भाषण प्रसारित केले; घरचे माणूस गेलेल्या कुटुंबाचा शोक त्यातून संघटनेच्या मालकीचा झाला, पण अल्पवयीन मुलांची भरती त्या सोहळ्याबाहेर राहिली. आपल्या गडचिरोलीत माओवादी 28 जुलै ते 3 ऑगस्ट हा शहीद सप्ताह पाळण्यासाठी फलक आणि पत्रके लावतात. त्यांनी पोलिसांचा खबऱ्या ठरवून मारलेल्या आदिवासी माणसाचे नाव मात्र त्या शहिदांत नसते. त्याच्या वाट्याला आरोपाची चिठ्ठी येते.

लोक विश्वास का ठेवतात, याचे उत्तर पुष्कळदा सरकारच्या वागण्यात सापडते. अधिकृत नकार एकदा उघडा पडला, की विरुद्ध बाजूचे न तपासलेले विधानही खरे वाटू लागते. क्यूबात तेव्हा बंडखोरांचा नेता असलेला फिदेल कास्त्रो मेला अशी बातमी पसरलेली असताना फेब्रुवारी 1957 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे हर्बर्ट मॅथ्यूज त्याला डोंगरात भेटले. मूठभर सोबत्यांची संख्या मोठी भासेल अशी तजवीज कास्त्रोने केली होती. सरकारने मुलाखतच कपोलकल्पित ठरवली. मग वृत्तपत्राने दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. कास्त्रो जिवंत आहे हे सिद्ध झाले आणि त्याबरोबर त्याच्या फुगवलेल्या फौजेवरही लोकांचा विश्वास बसला.

प्रश्न : अशा गटांच्या प्रसारणावर सरसकट बंदी घातली तर?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : ब्रिटनने हा प्रयोग केला आहे. ऑक्टोबर 1988 पासून सप्टेंबर 1994 पर्यंत आयर्लंडमधील काही सशस्त्र संघटनांच्या आणि तेथील बंडखोरांच्या बाजूच्या सिन फेन पक्षाच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करण्यास तेथे मनाई होती; शब्दांना मात्र नव्हती. त्यामुळे दूरचित्रवाणीवर सिन फेनचे नेते जेरी ॲडम्स यांचा चेहरा दिसे आणि त्यांचे शब्द एखादा नट वाचून दाखवी. प्रत्यक्ष हिंसेला चिथावणी देणारा मजकूर आणि ठार मारण्याची दृश्ये रोखलीच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यापलीकडच्या बंदीने फार साधत नाही. त्यापेक्षा घटनास्थळी स्वतंत्र पत्रकारांना जाऊ द्यावे आणि आपल्या बाजूने झालेल्या हत्यांचीही चौकशी जाहीर करावी, हे कोणत्याही सरकारला अधिक जड जाते आणि बंडखोरांच्या प्रचारकांनाही तेच अधिक अडचणीचे ठरते.